पांढऱ्या पंचवीशाचा डाव

पोकरच्या पत्त्यांत पैशांऐवजी लावायच्या चकत्या आपापसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. पांढरा पंचवीशा सगळ्यांत कमी किमतीचा. त्याचा दादा मागच्या खेळात पडून फुटला, तेव्हापासून तो गप्पच होता. दादा म्हणायचा, "डाव आपणच सुरू करतो, बाळ्या."

यंदा घरच्या स्पर्धेसाठी शर्वरीवहिनींनी ऐटीत फक्त काळे हजारे उचलले. "बस डब्यात, चिल्लर!" हजाऱ्या हसला.

पण पहिली बोली होती पंचविसाची. खेळायला आलेल्या एका पाहुण्याने हजाऱ्या पुढे केला, तर सुटे कुणाकडेच नव्हते. "याला आता दातांनी तोडू का, वहिनी?" पाहुणा म्हणाला. खेळ अडला.

वहिनींनी धावत जाऊन डबा टेबलावर उपडा केला. पाहुण्याने पंचवीशाला उचलून टणकन मधोमध टाकलं, आणि पत्ते पडू लागले.

"दादा," पंचवीशा ओरडला, "आपणच सुरू केला रे!"