बयाजी पाथरवटाचा पूल

किती पिढ्या होऊन गेल्या ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही, पण वेळखोल गावात अजून इंग्रजांची पलटण आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला सांडवी नदी, नदीवर एका कमानीचा दगडी पूल, आणि पुलापासून थेट घाटमाथ्यापर्यंत दगडी फरसबंदीची वाट. असं म्हणतात, की तो पूल आणि ती वाट दोन हजार वर्षांची. समुद्रापलीकडच्या रोम देशातले व्यापारी गलबतं घेऊन बंदरात यायचे, इथलं तलम कापड आणि हस्तिदंत न्यायचे. त्यांच्यातलाच एक कारागीर आजारी पडून मागे राहिला. गावाने त्याला पेज पाजून जगवलं, आणि त्याने गावाला पूल आणि घाटाची वाट बांधून दिली. चुना नाही, शिसं नाही. दगडाला दगडाचाच आधार.

एका आषाढात सांडवीला असा पूर आला, की पुराबरोबर आलेली झाडं कमानीला अडकली, आणि इतकी शतकं उभा राहिलेला पूल एका सकाळी पाण्यात बसला. लोक काठावर उभे राहून बघत होते. त्या दिवसापासून गाव नदीतल्या खडकांवरून पाय टाकत ये-जा करू लागलं.

गावात बयाजी पाथरवट राहायचा. तो काही पूल बांधणारा नव्हता. जाती घडवायची, पाटे-वरवंटे घडवायचे, जुन्या जात्यांना टाकी लावायची, हे त्याचं काम. त्याची दगडाची खाण नदीपलीकडे होती. बायकोचं नाव ठकू, आणि सात वर्षांची एकुलती लेक चंपू. दुपारची भाकरी घेऊन चंपूच बापाकडे जायची.

भाद्रपदात एके दिवशी वर घाटात पाऊस झाला. खाली ऊन होतं. चंपू खडकांवरून निम्म्यात पोचली आणि वरून पाण्याचा लोंढा आला. बयाजीने पलीकडच्या काठावरून पाहिलं. तो धावला, पाण्यात पडला, गळ्यापर्यंत गेला, पण हाताला लागलं ते भाकरीचं फडकं. पोर तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली. तिथेच काठावर तिला पुरली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बयाजीने नदीतला एक जड दगड आणून वर ठेवला.

त्यानंतर त्याने जातं घडवलं नाही. पाणी ओसरलं तसा तो पहार आणि दोर घेऊन नदीत उतरला आणि पडलेल्या पुलाचे दगड बाहेर काढू लागला. लोकांनी समजावलं, की अरे, तो पूल कोणत्या देशाच्या माणसाने बांधला, त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली. बयाजी ऐकून घ्यायचा आणि परत पाण्यात उतरायचा. असं म्हणतात, की डोळे मिटून नदीच्या तळावरून हात फिरवला तरी पुलाचा दगड कोणता आणि नदीचा कोणता ते त्याला कळायचं. गाळात छातीइतका रुतलेला दगडही त्याने हात लावला की सुटायचा.

एक दिवस दगड घासताना त्याला खुणा दिसल्या. जी बाजू कमानीत झाकलेली असते तिच्यावर टाकीने कोरलेल्या. कुठे एक रेघ, कुठे दोन, तीन, चार. कुठे दोन बोटं फाकल्यासारखी खूण, कुठे फुली. बयाजीला अक्षर येत नव्हतं, पण पाथरवट होता. त्याने दगड वाळूत मांडले आणि चार दिवस त्यांच्याकडे बघत बसला. मग त्याला उमगलं, की फाकलेली बोटं म्हणजे पाच आणि फुली म्हणजे दहा. त्या परदेशी माणसाने कमानीच्या ओळी मोजून ठेवल्या होत्या. एकवीस ओळी, एकेका ओळीत तीन दगड. बयाजी त्या रात्री ठकूला म्हणाला, "तो मेला, पण सांगून गेलाय."

हे कळलं तसं गावही कामाला आलं. दोन वर्षांत त्रेसष्टांपैकी बासष्ट दगड काठावर आले. अकराव्या ओळीतला, म्हणजे कमानीच्या ऐन माथ्यावरचा एक दगड मिळेना. लोकांनी नदी कोसभर चाळली. बयाजीही त्यांच्याबरोबर चाळत होता. पण तो दगड कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. चंपूवर ठेवताना त्याने त्या दगडावर फुली आणि शेजारी एक रेघ पाहिली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, नदीचे ओरखडे असतील.

तो कुणाला बोलला नाही. फाल्गुनात सागाच्या लाकडांचा सांगाडा उभा केला, त्यावर दोन्ही बाजूंनी ओळी चढवत आणल्या, आणि माथ्याच्या त्या एका जागेसाठी त्याने नवा दगड घडवला. बसवला तसा तो तडकला. दुसरा घडवला, तोही तडकला. तिसरा फुटला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. आता वैशाख अर्धा सरला होता. मृग लागला की पूर येणार, सांगाडा जाणार, आणि सगळे दगड परत नदीत.

तेव्हा त्याने ठकूला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने जळतं लाकूड मागे ओढलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"वर्ष झालं."

"मग आणखी वर्षभर गप्प राहायचं होतं," ठकू म्हणाली. "तेवढंच एक पांघरूण आहे तिच्या अंगावर."

बयाजीने पुन्हा विषय काढला नाही. नवे दगड घडवणंही त्याने सोडलं. अर्धवट कमानीखाली तो नुसता बसून राहायचा.

आठवड्याने वळीव आला. ठकू नदीवर धुणं धूत होती. पलीकडच्या वाडीवरची एक पोर खडकांवरून येत होती, आणि घाटातून पाण्याचा लोंढा आला. ठकूने धुणं टाकून पाण्यात उडी घेतली. पोरीचे केस तिच्या मुठीत आले. तिने तिला ओढून काठावर आणली, उलटी करून पाणी काढलं. पोर शुद्धीवर आली ती ठकूच्या गळ्याला घट्ट मिठी मारून, आणि तिची आई आली तरी सोडेना. ठकूने त्या पोरीला नाव विचारलं नाही.

ओल्या लुगड्यानेच ती कमानीखाली आली.

"उठा," ती म्हणाली. "पहार घ्या. सोबत मी येते, पण दगड उचलायचा तुम्ही."

बयाजीने दगड उचलला. ठकूने त्या जागेवर हातांनी माती ओढली, नदीतले गोटे रचले, वर बोरीच्या फांद्या टाकल्या. दगड कमानीत बसला. टाकीचा एक घावही मारावा लागला नाही.

मग सांगाडा काढायचा दिवस आला. खाली उभं राहायला कुणाची छाती होईना. बयाजी एकटा कमानीखाली उभा राहिला आणि स्वतःच्या हाताने पाचरी ठोकून काढल्या. लाकडं कोसळली, दगड एकमेकांवर रेलले, आणि कमानीतून दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज आला. असं म्हणतात, की ऐन ज्येष्ठाच्या उन्हात त्या माथ्यावरच्या कोरड्या दगडातून पाणी ठिबकलं, आणि बयाजी ते तोंडावर घेत उभा राहिला.

आठ दिवसांनी पूर आला. कमानीतून पाणी गेलं आणि पूल उभा राहिला. पण खालच्या वळणावरचा काठ त्याच पुरात कापून गेला. गोटे गेले, बोरीच्या फांद्या गेल्या. लेकीची जागा कोणती, हे आईबापांना पुन्हा सांगता आलं नाही.

बयाजी मग घाटाच्या वाटेला लागला. रोमच्या त्या कारागिराची फरसबंदी जागोजागी उखडली होती. तो आठ बोटांनी रोज एक दगड बसवायचा, एकच, असं बारा वर्षं. ठकू रोज भाकरी घेऊन पूल ओलांडायची. मध्यावर आली की वहाणा काढायची, जरा बाजूने जायची, आणि हळूच काही बोलायची. लोकांनी ते ऐकलं होतं, पण तिला कुणी कधी विचारलं नाही. दगडाच्या धुळीने बयाजीची छाती भरली. घाटमाथ्यावरचा शेवटचा दगड बसवला तिथेच तो गेला. ठकू दोन वर्षांनी गेली.

अजून वैशाख सरताना वेळखोलचं आणि पलीकडच्या वाडीचं माणूस न माणूस नदीवर जमतं. पुलाच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढतात, आणि घरटी एक दगड उचलून घाटाच्या वाटेवर नेऊन बसवतात. त्या दिवशी टाकीला हळद वाहतात आणि बयाजीचं नाव घेतात. माथ्यावरच्या त्या दगडावर कुणी पाय देत नाही. तान्ह्या लेकराला पहिल्यांदा पुलावरून नेताना आई मध्यावर थांबते, वहाणा काढते, आणि ठकू जे बोलायची तेच बोलते:

"चंपे, सर गं जरा. लेकरू चाललंय."