निंबेखळीच्या चर्चमधला आजीचा तांब्या

निंबेखळीच्या चर्चमध्ये वर्धापनदिनाची घंटा पाळकांच्या सांगण्यावरून वाजत नाही. आधी अंगणातल्या विहिरीचं पाणी शेंदतात. वस्तीतल्या एखाद्या वृद्ध बाईला पायरीवर बसवतात आणि पहिला तांब्या तिच्या हाती देतात. ती ख्रिस्ती नसावी, आणि तिच्या कपाळी खंडोबाचा भंडारा असावा, एवढीच अट. नव्याने बदलून आलेले पाळक पहिल्या वर्षी भुवया उंचावतात. मग घंटा वाजवणारे शमुवेलदादा त्यांना बाकावर बसवून ही हकिकत सांगतात. पाहुण्यांनाही सांगतात, फक्त जरा सावकाश.

फार पूर्वी, म्हणे, इथे दौलतराव उमाप नावाचे पाळक होते. गावकुसाबाहेरची ही वस्ती. गावातल्या आडावर तिला मज्जाव. अर्धी भावकी ख्रिस्ती झालेली, अर्धी खंडोबाची राहिलेली, आणि दोन्ही अर्ध्यांना एकमेकांचा संशय. दौलतरावांनी मंडळीला हाताशी धरून चर्चच्या अंगणात विहीर खोदली आणि सगळ्यांना खुली ठेवली. तरी खंडोबावाले तिकडे फिरकेनात. ते ओढ्यातले झिरे उपसून पाणी नेत.

पाळकांच्या घरात एक मागची खोली होती. तिचं दार शेवंताबाई, म्हणजे पाळकांची बायको, सदा ओढून घेई. आत तिची आई राहायची, मंजुळाआजी. पाय मोडल्यावर मुलाच्या घरी तिचे हाल होऊ लागले, तेव्हा जावयानं तिला पाठीवर घालून आणलं होतं. तिनं येताना ओच्यात खंडोबाचा टाक आणला आणि तो कोनाड्यात मांडला. दौलतरावांनी हरकत घेतली नाही. उलट वाण्याकडून भंडाऱ्यासाठी हळद आणून देत. पण पाळकाच्या घरात देव आहे हे मिशनच्या साहेबांना कळलं, तर पाळकी जाणार आणि डोक्यावरचं छप्परही.

म्हणून शेवंताबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नाकांवर नजर ठेवी. मंडळीचे पंच याकोबराव चहाला आले की त्यांचं नाक हळदीच्या वासानं जरा जास्तच हाले, असं तिला वाटे. आणि सगळ्यांत जास्त धास्ती तिला नवऱ्याची होती. कुणी सरळ विचारलं, तर हा माणूस सरळ सांगून मोकळा होईल.

तशात उन्हाळ्यात पटकीची साथ आली. दौलतराव तालुक्याहून जांभळ्या खड्यांचं औषध घेऊन आले. भल्या सकाळी ते विहिरीत टाकताना ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होते. कुणीतरी कुंपणाआडून पाहिलं. दिवस वर येईतो पाणी गुलाबी झालेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि वस्तीनं आपसात निकाल लावून टाकला: पाळकानं प्रभुभोजनाचा लाल रस मंत्र म्हणून विहिरीत ओतला. हे पाणी प्यायलं की बाप्तिस्मा आतूनच होतो.

मग ओढ्यावरची गर्दी वाढली, आणि त्यामागोमाग पटकी.

रविवारी उपासना सुटल्यावर कुंपणापाशी शेवंताबाईचा भाऊ रखमाजी उभा होता. त्याची धाकटी मुलगी सकाळपासून आडवी झाली होती. दौलतराव तांब्या घेऊन त्याच्याकडे गेले, त्याच्यादेखत स्वतः प्यायले.

"तुम्ही पिऊन काय दाखवता, दाजी?" रखमाजी म्हणाला. "तुम्ही बाटलेलेच. माझ्या आईलाही असंच पाजलंत. नाहीतर तिला कोंडून कशाला ठेवलीत?"

शेवंताबाईनं दौलतरावांकडे पाहिलं. त्यांना उपाय सुचला होता, हे तिला स्पष्ट दिसलं. आणि ते बोलणार नाहीत, हेही. याकोबराव दोन पावलं पुढे सरकून उभे होते. शेवंताबाई घरात गेली.

ती बाहेर आली ती आईला पाठीवर घेऊन. म्हातारीनं निघता निघता भंडाऱ्याची वाटी मागून घेतली होती; कपाळ नुसतं पिवळंधमक झालं होतं. तिला पायरीवर टेकवलं. मंडळी बघतच राहिली. याकोबरावांना त्या वासाचं उत्तर मिळालं.

मंजुळाआजीनं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. कुंपणापलीकडचे लोक तिच्या कपाळाकडे पाहत राहिले, पाणी बाटवणारं असेल तर भंडारा आता गळतो की मग गळतो. म्हातारीनं तोंड पुसलं आणि चर्चच्या दारात बसून येळकोट केला.

"आल्यापासून हेच पाणी पितेय," ती म्हणाली. "मी आहे तीच आहे. रखमा, आता पोरीसाठी पाणी नेतोस, का संशयच पाजतोस तिला?"

रखमाजीनं घागर उचलली. त्याच्यामागून बाकीचे आले. मुलगी वाचली, असं सांगतात.

पाळकी मात्र वाचली नाही. याकोबरावांनी कळवलं, साहेब आले, आणि टाक काढा किंवा पाळकी सोडा असं म्हणाले. म्हातारीचा देव म्हातारीचा आहे, तो काढायला मी कोण, असं म्हणून दौलतरावांनी झगा घडी करून त्यांच्या हाती दिला. सामान हलवताना शेवंताबाईनं त्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, आईला बाहेर आणलं की लोक पाणी नेतील?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"घर तुझं, आई तुझी," दौलतराव म्हणाले. "माझं एकट्याचं असतं तर दिलं असतं."

तिनं आईचं अंथरूण तेवढं आधी उचललं.

पुढे ती तिघं वस्तीतच झोपडी बांधून राहिली. दौलतराव मुलांना शिकवत, आजाऱ्यांची उस्तवारी करत, आणि दर उन्हाळ्यात विहिरीत औषध टाकत. आता भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. ते गेले तेव्हा खांदा द्यायला दोन्हीकडचे आले, आणि खड्ड्यात मातीबरोबर कुणीतरी चिमूटभर भंडारा टाकला. याकोबरावांनी ते पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली म्हणतात.

आजही वर्धापनदिनाला पायरीवरची म्हातारी तांब्या रिकामा करते, पदरानं तोंड पुसते आणि सगळ्यांना नीट दिसेल असं कपाळ वर करते. लोकही निरखून पाहतात. भंडारा जागच्या जागी असतो. मगच शमुवेलदादा घंटेच्या दोराला हात घालतात.