हिऱ्याच्या टोकाची सुई

गाणी काळ्या तबकड्यांत राहत होती, त्या काळची ही गोष्ट. मिरजेच्या वेणूताईंकडे एक रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्या सुईचं टोक हिऱ्याचं, आणि सुईला त्याचा भारी तोरा.

वेणूताईंच्या आईचा आवाज एका तबकडीतच उरला होता. रोज दुपारी ती लावून त्या डोळे मिटून बसत. त्यांना बारीक दिसत नसे. सगळा भरवसा सुईवर.

एकदा शेजारचा मऊ कुंचला म्हणाला, "सुईबाई, टोकाला धूळ चिकटलीय. मागून पुढे हलकेच फिरतो, क्षणाचं काम."

"हिऱ्याला कसली धूळ बाधते?" म्हणत सुईनं अंग चोरलं.

धूळ साचत गेली, तसा आवाज घोगरा झाला. तबकडी कळवळली, "अगं, खरवडतेस मला!"

"तूच म्हातारी झालीस," सुई म्हणाली आणि तशीच पुढे सरकत राहिली.

एके दिवशी आईच्या गाण्याऐवजी नुसती खरखर आली. वेणूताई दचकल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि कुंचला फिरवला. धुळीची काळी गुठळी गळून पडली. सुई लख्ख झाली.

तबकडी पुन्हा लागली. पण गाणं कोरलेल्या तिच्या खाचा सपाट झाल्याचं आता सुईला स्वच्छ जाणवलं.

"बोल ना गं," ती कासावीस होऊन म्हणाली.

"काय बोलू?" तबकडी म्हणाली. "होतं नव्हतं ते तूच खरवडून नेलंस."

ती खरखर वेणूताईंनी शेवटपर्यंत ऐकली. मग त्यांनी झाकण लावलं, ते पुन्हा कधी उघडलं नाही.