येसाक्का ओतारणीचं काजळ

कुणाचा तरी हात बाधला आहे, असं चावडीवर बोललं गेलं. नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, कारण साऱ्या माना एकाच घराकडे वळल्या होत्या.

मळेखिंडीनं डांबर पाहिलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. गाव घाटमाथ्यावर, दवाखाना खाली पेठेत आणि मध्ये एकवीस वळणं. गावाकडे एकच मोटार होती. कुण्या संस्थानिकानं टाकून दिलेली, पितळी दिव्यांची, हँडल मारून सुरू करायची. आजारी माणूस असो की अडलेली बाई, सगळे त्याच मोटारीतून खाली जायचे. ती चालवायचा इसाक मुलाणी, आणि तिच्या पोटातलं दुखणं कळायचं येसाक्का ओतारणीला.

येसाक्काच्या घरी बैलांच्या घंटा ओतत. नवरा गेला आणि भट्टी तिच्याकडे आली. कपाळ पांढरं, हात काळे. घंटा नुसती तळहातावर ठेवून ती सांगायची की आत चीर कुठं आहे, असं म्हणतात.

त्या वर्षी भाद्रपदात मोटार चढावर खडखडू लागली. इसाकनं इंजिन उघडलं. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा वाकडातिकडा दांडा फिरतो. तो तीन ठिकाणी मऊ पांढऱ्या धातूच्या वाट्यांत बसतो. त्या वाट्या म्हणजे बेअरिंग. तिन्ही झिजली होती आणि एवढ्या जुन्या मोटारीची शहरात कुठं मिळेनात.

"येसाक्का, घंटा ओततेस, मग हीपण ओत की," इसाक म्हणाला.

"घंटा वाजावी म्हणून ओततात रे. ही वाजू नये म्हणून ओतायची," ती म्हणाली. "बघते."

तिनं ओतली. मग तेलात काजळ कालवून दांड्याला लावलं, दांडा वाटीत बसवून फिरवला आणि उचलून पाहिलं. जिथं काजळ उमटलं तिथं धातू उंच. तेवढाच केसाएवढा तासायचा, पुन्हा काजळ, पुन्हा तासणी. आठ दिवस हेच चाललं. शेवटी काजळ सगळीकडे सारखं उमटलं आणि तो मणभर दांडा एका बोटानं फिरू लागला.

मग खंडेनवमी आली. अवजारांच्या पूजेचा दिवस. इंजिन ओट्यावर उलटं ठेवलेलं, पोट उघडं. पाटलीणबाई ताराऊंच्या मागं गावातल्या सवाष्णी ओळीनं आल्या. त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मुठी भरभरून अक्षता टाकल्या. येसाक्कानं तिथं यायचं नव्हतं. तिनं आपलंच काम भट्टीच्या दारातून, लांबून पाहिलं. दसऱ्याला इसाकनं अक्षता झाडल्या, फडक्यानं सगळं पुसलं आणि इंजिन जोडलं.

सातव्या वळणावर मधलं बेअरिंग जळालं.

येसाक्काला वाटलं, घट्ट बसलं असेल. तिनं मधलं पुन्हा ओतलं आणि वाटीच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडात, सैल बसावं म्हणून, कागदाची एक पट्टी वाढवली. ते नवव्या वळणावर जळालं. मग वाटलं, दांडाच वाकला असेल. तिनं ताणलेल्या दोऱ्याशी तो लावून पाहिला, काजळानं पाहिला. दांडा सरळ होता, गोल होता. तिसऱ्यांदा ओतलं. त्या खेपेला मोटारीत सखा गुरव होता, तापानं फणफणलेला. मोटार पुन्हा सातव्या वळणावर थांबली. माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं. पेठ दिसायच्या आत सखा गेला.

तेव्हा चावडीवर ते वाक्य बोललं गेलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनी तिला बोलावलं.

"येसे, आता चौथी खेप," ते म्हणाले. "सगळ्यांच्या देखत ओत, सगळ्यांच्या देखत बसव. पुन्हा जळालं तर भट्टी उचलायची आणि घाट उतरायचा. हा गाव तुझा नाही."

येसाक्काला दुसरं गाव नव्हतं. ती म्हणाली, "बरं."

भर उन्हात, चावडीसमोर इंजिन उघडलं. सारा गाव गोल करून बसला. येसाक्कानं तिन्ही बेअरिंगं शेजारी शेजारी मांडली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. कडेची दोन तेलानं चकाकत होती. मधलं मात्र खापरीसारखं कोरडं, काळं पडलेलं.

"इसाक," ती हळूच म्हणाली, "आपण तीनदा याचं माप बघितलं. याला तहान लागली होती."

प्रत्येक वाटीच्या मागं एक बारीक भोक असतं. तिथून तेल येतं. येसाक्कानं पहिल्या भोकाला तोंड लावून फुंकलं. फूं करून वारा पलीकडे गेला. तिसऱ्यातूनही गेला. मधल्यात फुंकलं तर तिचेच गाल फुगले.

"फुंकरीनं मंतरती काय गं?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

तिनं केसांतली तार काढली, सरळ केली आणि भोकात घातली. वाकणापाशी ती अडली. येसाक्कानं मनगट जरासं फिरवलं आणि तार ओढली. तारेच्या टोकाला काहीतरी चिकटून आलं. तिनं ते तळहातावर घेतलं आणि काळं तेल पदरानं पुसलं.

तांदळाचा दाणा होता. तेलात फुगलेला, हळदीनं पिवळा, एका टोकाला अजून लाल.

हात पुढं करून येसाक्का गोलातून एक फेरा फिरली. मघाचं हसू तोंडावर तसंच राहिलेली माणसं दाण्याकडे बघत होती. ज्या पूजेच्या ताटापर्यंत तिचा हात कधी पोचलाच नव्हता, त्यातली ही अक्षता. ताराऊंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली लपवला.

सखा गुरवाची म्हातारी आई पुढं आली. तिनं दाणा अगदी जवळून पाहिला.

"म्हणजे माझा सखा," ती म्हणाली, "एवढ्याशा तांदळानं गेला?"

पिंपळावरचे कावळेसुद्धा गप्प झाले, असं म्हणतात.

येसाक्कानं मधलं बेअरिंग चौथ्यांदा ओतलं. तीन दिवस काजळ आणि तासणी चालली आणि तीन दिवस गावात चूल पेटली नाही, असं म्हणतात. इंजिन जोडून झालं तेव्हा ताराऊ पूजेचं ताट घेऊन आल्या. त्या मोटारीपाशी थबकल्या, आणि ताट खाली जमिनीवर ठेवून मागं सरल्या.

"तू लाव," त्या म्हणाल्या.

"काय लावू? माझ्याकडं काजळच आहे, पाटलीणबाई."

"तेच लाव."

येसाक्कानं काळं बोट इंजिनाला टेकवलं. इसाकनं अर्धंच हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी इंजिनावर ठेवली. त्या पाण्यात आभाळातली घार दिसत होती, आणि पाणी हलत नव्हतं. मोटार एकवीस वळणं उतरून पुन्हा चढून आली, तरी वाटीतलं थेंबभरही पाणी सांडलं नव्हतं, असं म्हणतात. पाटलांनी मान खाली घातली. ती पुढं येसाक्कासमोर कधी वर झाली नाही.

ते बेअरिंग त्यानंतर कुणी बदललं नाही. मोटार बत्तीस वर्षं घाट चढली. येसाक्का गेली त्या दिवशी इसाकचा हात हँडलला लागायच्या आधीच इंजिन फिरू लागलं आणि तिला नदीपर्यंत घेऊन गेलं. आवाज इतका कमी होता की मागून चालणाऱ्या लोकांना आपल्याच पावलांची लाज वाटली.

आता मळेखिंडीत डांबर आहे, ट्रॅक्टर आहेत, पाण्याचे पंप आहेत. खंडेनवमीला तिथं आधी प्रत्येक यंत्राची भोकं फुंकून बघतात. मग गावातली कुणी विधवा बाई पुढं होते आणि यंत्राला काजळाचं पहिलं बोट लावते. तिच्यानंतर बाकीच्या. अक्षता यंत्रावर पडत नाहीत. त्या खाली, पळसाच्या पानावर.

गेल्या वर्षी पिठाच्या गिरणीपाशी एका नव्या सुनेनं सवयीनं मूठ उचलली. गिरणीवाल्या सरूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"पानावर टाक, बाई," त्या म्हणाल्या. "त्याला तेल लागतं. आपलं पुण्य त्याच्या घशात अडकतं."