दुकानाच्या ओळखीने

"पण दाराशी आलेला माणूस कोण, हे तुला कळतं कसं?" माईंनी विचारलं.

"मला कळावं लागतच नाही," हृषीकेश म्हणाला. "दुकान सांगतं."

मठाची वेबसाइट त्यानेच बांधली होती. लांबचे साधक तिच्यावर माईंना प्रश्न लिहीत. प्रत्येकाचं आपलं पान होतं. पण म्हातारी माणसं पासवर्ड विसरत. म्हणून त्याने नवं बटण बसवलं होतं. ऑनलाइन दुकानात ज्याचं खातं आहे, त्याने त्याच खात्याने आत यावं.

"दुकान सगळ्यांना ओळखतं, माई. तुमच्यापेक्षा जास्त."

माई हसल्या. "मी कुणाला काही विकलं नाही ना, म्हणून."

तेवढ्यात इंदूताई आल्या. सत्तरीच्या. हातात मोबाइल.

"आत घेतं हे. पण माझं पान दिसत नाही. नऊ वर्षांचं लिहिलेलं... आणि वर हे असं म्हणतं."

"काय म्हणतं?"

इंदूताईंनी तोंडाने सांगितलं नाही. मोबाइलच पुढे केला.

'या, विश्वनाथ.'

विश्वनाथ शेटे. त्यांचे यजमान. श्रावणात वारले होते.

"दुकानातलं खातं यांचं," त्या म्हणाल्या. "मी नुसतं सांगायचे, वाती मागवा, चहा मागवा."

हृषीकेशचा चेहरा उतरला.

"माझं चुकलं, काकू. हे खातं तुमच्या पानाला जोडतो. दोन मिनिटांत सगळं लिहिलेलं परत दिसेल."

"आणि हे?" त्यांनी नावाखाली बोट धरलं.

"ते जाईल. तिथे तुमचं नाव येईल."

इंदूताईंनी मोबाइल पदराखाली घेतला.

"मग राहू दे."

"अहो काकू, नऊ वर्षांचं..."

"पोरं यांचं नाव काढत नाहीत. मी रडेन म्हणून. आणि मी तर... लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. हा फोन रोज यांचं नाव घेतो. पण मनातल्या मनात."

हृषीकेशने माईंकडे पाहिलं. "मग मी काय दुरुस्त करू, माई?"

माईंनी इंदूताईंपुढे हात केला. थोड्या वेळाने इंदूताईंनी मोबाइल त्या हातावर ठेवला.

माईंनी तो हृषीकेशला दिला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच."