घसरगुंडीचा वस्ताद

हिमालयाच्या एका उंच खोऱ्यात, माणसाची पायवाट पोचण्याच्या कितीतरी आधी, पिंगळ नावाचा कोल्हा राहत होता. बर्फावरून घसरण्यात आपल्या तोडीचा कोणी नाही, असं तो सांगत फिरे.

एकदा रात्रभर बर्फ पडला. सकाळी पिंगळ आपल्या पिल्लांना घेऊन उभ्या उतारावर आला. तिथं म्हातारी रानबकरी चरायला जागा शोधत होती. ती म्हणाली, "आज इथं नको, बाबा. जुन्या बर्फावर नवा साचलाय, अजून घट्ट बसलेला नाही. पलीकडचा बुटका उतार बरा."

"तिथं मजा कसली, आजी?" पिंगळ म्हणाला. "पोरांनो, इथंच थांबा आणि नीट बघा."

त्यानं उडी घेतली आणि अख्खा उतारच त्याच्याबरोबर खाली आला. पांढरा धुरळा बसला तेव्हा बर्फाबाहेर फक्त त्याचं शेपूट दिसत होतं. बकरीनं खुरांनी भराभर उकरलं, पिल्लांनी शेपूट धरून ओढलं.

पिंगळ थरथरत बाहेर आला. पिल्लांचे भेदरलेले चेहरे बघून त्याला आधी रडू आलं, मग स्वतःचंच हसू आलं.

"पाहिलंत ना वस्तादाला?" तो म्हणाला. "खाली कसं यायचं, ते मला विचारा. कुठून यायचं, ते मात्र आजीला."