अंड्यांची राखण

नदीवर पूल नव्हता त्या काळची ही गोष्ट. बाभळीखालच्या गोट्यांत टिटवीची अंडी होती आणि मुंगूस हुंगत तिकडेच येत होतं. वर फांदीवर विचारवंत म्हणून मिरवणारं घुबड आणि मठात वाढलेला राघू बसले होते.

"दादा, बुवा, खाली या. तिघांनी गलका केला तर मुंगूस मागे फिरेल," टिटवी म्हणाली.

घुबड म्हणालं, "ज्याने भीती ओळखली, तो तिच्यातून सुटला."

"ज्याने जीव घातला, तो जिवाला विसरत नाही," राघू म्हणाला. "हे मठातलं वचन आहे, तुझ्या वचनासारखं घरी रांधलेलं नाही."

"म्हणूनच तू ते चाखून पाहिलं नाहीस."

"म्हणजे दोघांनाही भीती नाही. मग उतरा की," टिटवी म्हणाली. कुणी हललं नाही.

मुंगूस हातभर अंतरावर आलं. टिटवी त्याच्या नाकासमोर पडली, पंख मोडल्यासारखी फरफटत त्याला ओढ्यापलीकडे घेऊन गेली आणि तिथून उडाली.

ती धापा टाकत परतली, तेव्हा अंडी कुणाच्या वचनाने वाचली यावर दोघांची जुंपली होती.

"वचनं दोन्ही चांगली आहेत," टिटवी म्हणाली. "पण मुंगूस पुन्हा येईल. मी पाणी पिऊन येते, तोवर ज्याचं वचन खरं त्याने इथे बसावं."

घुबडाला झोप आली. राघूला आरतीची वेळ आठवली. टिटवी तहानलेलीच अंड्यांवर बसली.